फोटोची डावी बाजू

१२ जानेवारी

खिदळे,

काल सकाळी तुझा दादा स्टुडिओ उघडायला गेला आणि लगेच परत आला. हातात वर्तमानपत्र. त्यानं ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. पहिल्या पानावर तू.

तुमच्या शहरात बांधकाम चालू असलेली इमारत पडली, हे आदल्या दिवशीच रेडिओवर ऐकलं होतं. ‘आपली खिदळी गेली असेल रुग्णवाहिकेबरोबर,’ असं दादा चार लोकांत छाती फुगवून सांगूनही आला होता. आणि आता हा फोटो. तू गुडघ्यांवर बसलेली, अंगावर गणवेश, केसांत सिमेंटची धूळ. तुझ्यामागे ती अजस्र तुळई, आणि तिच्या पलीकडून एका माणसाचं उघडं पाऊल बाहेर आलेलं. मागे पहारी घेऊन उभी असलेली माणसं, दगडासारखी. आणि मधोमध तू चक्क हसते आहेस. खाली लिहिलंय, ‘ढिगाऱ्याखाली मृत्यू, परिचारिकेला हसू’.

मी मनाशी म्हटलं, असेल, ऊन डोळ्यांवर आलं असेल, तोंड वेडंवाकडं झालं असेल. पण मी दिवसभर लोकांना ‘जरा हसा’ म्हणत पोट भरणारी बाई. ओळखपत्राचं हसू, नोकरीच्या अर्जाचं हसू, रुसलेल्या पोराला चॉकलेट दाखवून काढलेलं हसू, सगळी मला पाठ आहेत. हे तुझं हसू खरं आहे. पोटातून आलेलं.

तुला नको तिथे हसू फुटतं हे काय आम्हाला नवीन आहे? शेजारच्या काकांच्या शोकसभेत वक्त्याची कवळी हलली आणि तू अशी फुटलीस की आईंनी तुला चिमटा काढत बाहेर नेलं. पण तेव्हा तू शाळेत होतीस, आणि ते काका तसेही कुणाला फारसे आवडत नव्हते. इथे एक माणूस गेला आहे गं. मेट्रनबाईंकडे जा. घाबरले होते, ताण होता, म्हणून हसू आलं, असं सरळ कबूल कर. त्याच्या घरच्यांची माफी माग. लोक आज नाही तर उद्या समजून घेतील.

दादाला म्हटलं, चार ओळी तूही लिही. तो म्हणाला, ‘फोटोपुढे मी काय लिहू?’

तुझी काळजी करणारी,
वहिनी


१६ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. हो, मी हसले. तू म्हणतेस तसं, पोटातून.

मी घाबरले नव्हते. माफी मागणार नाही. मेट्रनबाईंनाही तेच सांगितलं, म्हणून चौकशी पुरी होईपर्यंत मला घरी बसवलं आहे. खोलीवर एक मैत्रीण आहे, तीच भाजी आणते, कारण भाजीवाल्यानं परवा मला पिशवी हातात न देता जमिनीवर ठेवून दिली.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी दोन वेण्या घालणारी मुलगी होते. तू माझा फोटो काढलास आणि सगळ्यांना म्हणालीस, ‘हिची हनुवटी बघा, ही पोरगी हट्टी आहे पण खोटं नाही बोलायची.’ तोवर कुणी माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नव्हतं. माझ्याबद्दल काय वाटायचं ते शहराला वाटू दे. तू बघशील असं मला वाटलं होतं.

दादाला त्रास करून घेऊ नको म्हणावं. इकडे येऊ नका.

तुझी नणंद


२१ जानेवारी

माझ्या हट्टी हनुवटीच्या बाई,

‘तुझी नणंद’ अशी सही बघितली आणि ताट बाजूला सारलं. मारलंस ते बरोबर मारलंस.

तुझं पत्र वाचून मी तो कागद पुन्हा काढला. मथळ्यावर दुसरा कागद ठेवला, म्हणजे अक्षरं दिसायला नकोत, आणि भिंग घेऊन खिडकीशी बसले. दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली.

आता मला काय दिसलं ते सांगते. चुकलं तर सांग.

तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस. त्या पहारवाल्यांकडेही नाही. तुझी नजर खाली आणि डावीकडे आहे, आणि तिथेच फोटो संपतो. माणूस आपल्याच मनात हसतो तेव्हा नजर सैल पडते. तुझी नजर कशावर तरी पक्की टेकलेली आहे. दुसरं म्हणजे तुझा हात. खांद्यापासून कोपरापर्यंत दिसतो, पुढचा चौकटीबाहेर गेला आहे. पण कोपर सुटं नाही, ताणलेलं आहे. पलीकडून कुणीतरी तो हात घट्ट धरला असल्याशिवाय कोपर असं होत नाही. आणि तिसरं, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही, पण समोरचा हसला की आपलं हसू जरा पुढे झुकतं. मी रोज बघते. आई हसली की बाळ पुढे झुकतं. तू झुकली आहेस.

हा फोटो कापलेला आहे. डावी बाजू नाही.

पहिल्या दिवशी हे सगळं त्याच कागदावर होतं. तरी मी मथळा वाचला आणि मथळ्यात होतं तेवढंच बघितलं. इतकी वर्षं हीच विद्या करते आहे. चुकले गं.

डावीकडे कोण होतं?

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

डावीकडे तो होता.

तुझं पत्र मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आता सगळं सांगते.

तो सुतार होता, सेंट्रिंगचा. स्लॅब ओततात तेव्हा खालून फळ्या आणि टेकू लावतात ना, ते काम. वय पन्नाशीचं, केस सगळे काळे, अंगानं शिडशिडीत. तुळई मांड्यांवर पडली होती, पण छातीपासून वर साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, ‘तुळई उचलली की दबलेल्या पायांतलं सगळं एकदम रक्तात जाईल. हृदय झेलेलच असं नाही. सलाइन थांबता कामा नये, आणि त्याला झोपू देऊ नका.’ आणि ते पलीकडच्या दोघांकडे धावले.

म्हणजे मला ठाऊक होतं, वहिनी. त्याला नव्हतं, असं मला वाटत होतं.

मी त्याचा हात धरून बसले. लोखंड कापायचा कटर सुरू होता, कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. मी काहीबाही विचारत राहिले. घरी कोण? ‘बायको. शिवते. माझ्या खिशांना आतून जाड कापड लावते, खिळ्यांनी भोकं पडतात म्हणून.’ डोळे मिटायला लागले की मी त्याच्या गालावर टिचकी मारायची. एकदा असेच मिटले. मी ओरडले, ‘अहो, बोला! काहीही बोला!’

त्यानं डोळे उघडले. वरच्या तुळईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘सिस्टर, जन्मभर मी स्लॅबला टेकू लावत आलो. आज एक टेकू कमी पडला, तर मलाच लावला बघा.’

मी फुटले. तुला माझं हसू माहीत आहे. आणि माझं ते हसू ऐकून तो हसायला लागला. म्हणाला, ‘हे हसू आहे का सायकलची घंटी?’ आम्ही दोघं त्या ढिगाऱ्यात येड्यासारखे हसत होतो. तेव्हाच कुणीतरी फोटो काढला असणार. मला पत्ताच नाही.

नंतर जॅक लावला तेव्हा तोच लावणाऱ्यांना सांगत होता, ‘खाली फळी घ्या, नुसत्या मातीवर बसवू नका, कलेल.’ मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळलं मला. चेहऱ्यावर होतं तुमच्या. हसलात तेव्हा गेलं. बरं वाटलं.’ तुळई उचलली. आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको वर्तमानपत्र घेऊन वॉर्डात आली. ओरडली नाही. विचारलं, ‘ही तुम्हीच ना?’

‘हो.’

‘त्यांच्यासमोर हसत होता?’

‘हो.’

ती वर्तमानपत्राची घडी घालून निघून गेली. मी काय बोलणार होते? ‘तुमचे मिस्टर विनोद करत होते’? ती म्हणाली असती, ही बया स्वतःची कातडी वाचवायला मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालते आहे. पहारवाले पायांच्या बाजूला होते, त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि कटरमध्ये ऐकूही येत नव्हतं. चौकशीत त्यांनी खरं तेच सांगितलं, की बाई हसत होती.

दादाला वाचून दाखव. आणि तू कोपरावरून हात कुणी धरला ते ओळखलंस, याबद्दल तुला कुणीतरी मोठं बक्षीस द्यायला हवं. माझ्याकडे सध्या फक्त वेळ आहे.

खिदळी


९ फेब्रुवारी

खिदळे,

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. त्या टेकूपाशी आला आणि तोही हसला, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

आता रागावू नकोस. गेल्या आठवड्यात मी तुमच्या शहरात येऊन गेले. सकाळच्या बसनं आले, संध्याकाळच्या बसनं परत. तुझ्याकडे आले असते तर तू मला अडवलं असतंस, म्हणून आले नाही. गेले ती थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत.

भांडायलाच गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. पण त्यांचा छायाचित्रकार समोर आला आणि सगळं विसरले. म्हातारा माणूस. कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं एक खांदा कायमचा उतरलेला. ऑफिसात सगळे त्याला आजोबाच म्हणतात. मी सांगितलं, मी त्या नर्सची वहिनी. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, ‘या. कुणीतरी येईल म्हणून वाटच बघत होतो.’ ड्रॉवर उघडून निगेटिव्हची पट्टी काढली आणि उजेडावर धरली. ‘आयुष्यात असे फोटो किती मिळतात हो? आणि तो अर्धा छापला.’

मी विचारलं, का कापला? मला वाटलं, खप वाढवायला. तो म्हणाला, ‘तुम्हाला पटणार नाही. चांगुलपणानं. मरणाऱ्या माणसाचा चेहरा पहिल्या पानावर द्यायचा नाही, असा आमच्या संपादकांचा दंडक आहे. घरच्यांना बघावं लागतं ना. म्हणून पान लावणाऱ्यानं त्याचा चेहरा काढला. राहिली तुमची नणंद. मग मथळा लिहिणाऱ्याकडे तो कापलेला फोटो गेला. त्यानं त्याला दिसलं ते लिहिलं.’

मीही दिसलं तेच लिहिलं होतं तुला.

मग तो मला त्यांच्या डार्करूममध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, ‘तुम्हीच काढा प्रत. तुमचा हात चांगला असणार.’ लाल दिव्याखाली कागद रसायनात सोडला. आधी तुळई आली, मग तुझे केस, तुझे डोळे. आणि मग डावीकडून हळूहळू तो आला. जमिनीवर आडवा, मान तुझ्याकडे वळवलेली, एक डोळा हसून पार मिटलेला, तोंड उघडं, पुढचा दात अर्धा तुटलेला. तुझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आहे. तुम्ही दोघं एकमेकांकडे असे बघता आहात की बाकीचं सगळं, ती तुळई, ती माणसं, तो धुरळा, मागे राहतं. मी हजारो चेहरे छापले असतील. असा एकही नव्हता.

आजोबांना विचारलं, तुम्ही हे टिपलंत कसं? म्हणाला, ‘मी तुळईचा फोटो घ्यायला गेलो होतो. हसण्याचा आवाज आला म्हणून वळलो. अशा जागी हसणारी माणसं बघितली नव्हती कधी. त्यांना मान द्यावा म्हणून एकच घेतला.’ त्यानं संपादकांशी भांडणही केलं आहे. ते म्हणतात, चूक झाली, पूर्ण फोटो छापू, पण चेहरा आहे म्हणून घरच्यांची परवानगी हवी. आजोबा त्या सुताराच्या बायकोच्या दारापर्यंत जाऊन परत आला. हात वर उचलेना म्हणे कडी वाजवायला.

निगेटिव्ह त्यानं मलाच दिली. ‘इथे वर्षाच्या शेवटी सगळं कचऱ्यात जातं,’ म्हणाला. सोबत प्रत पाठवते आहे. तू फक्त हो म्हण, त्या बाईंकडे मी जाते. छापून येऊ दे एकदा पहिल्या पानावर, त्याच जागी, आणि बघू दे त्या भाजीवाल्याला.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

नको.

रागावले नाही. पाकीट उघडलं आणि तो समोर आला. तुला सांगते, मी त्याचा चेहरा विसरत चालले होते. वर्तमानपत्रातला तो फोटो मी इतक्यांदा बघितला होता की मला स्वतःलाही तेवढंच आठवायचं, मी, तुळई आणि पाऊल. मी तिथे होते, वहिनी, त्याचा हात माझ्या हातात होता, आणि तरी त्या कागदानं मला त्याचा चेहरा विसरायला लावला. मग त्या बाईचं काय होत असेल?

म्हणून छापायचं नाही. परवानगी मागायला गेलं की त्याचा अर्थ एकच होतो, तुझा नवरा दे, मला माझी नोकरी हवी आहे. त्याचं ते हसू मला मिळालं ते योगायोगानं. खरं म्हणजे ते तिचं. फोटो तिला द्यायचा आहे, एवढं कळतं. कसा द्यायचा ते कळत नाही. तुझ्यासारखी मला माणसांपुढे फोटो ठेवायची सवय नाही. काय बोलू मी?

खिदळी


१८ फेब्रुवारी

खिदळे,

बोलूच नकोस.

गेलेल्या माणसाचा फोटो न्यायला लोक स्टुडिओत येतात तेव्हा मी पाकीट त्यांच्या हातात देते आणि पाठ फिरवून काहीतरी पुसत बसते. ‘छान आलाय ना?’ असं कधी विचारत नाही. ते आधी भलतंच काहीतरी बोलतात, कॉलर चुरगळलीय, चष्मा तिरका आहे. बोलू द्यायचं. ते फोटोशी बोलत असतात, आपल्याशी नाही. आपल्याशी बोलायचं असेल तेव्हा ते वर बघतात.

आणि फोटो उजेडात दे. अंधाऱ्या खोलीत असाल तर खिडकीशी ने.

नोकरीबद्दल तू म्हणतेस ते मला पटलं नव्हतं. दादाला पटलं. तो म्हणाला, ‘आपल्या घरात एक तरी शहाणं निघालं.’ मग मलाही पटलं. तुझा अभिमान वाटतो, हे तोंडावर बोलता येत नाही म्हणून लिहिते.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

इतके दिवस पत्र नाही म्हणून दादाचा फोन हॉस्पिटलच्या मेसवर येऊन गेला. बरी आहे. आता सगळं एका दमात लिहिते.

पाकीट पिशवीत घालून मी तीनदा निघाले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा तिच्या घरी पोचले. वरच्या मजल्यावर एकच खोली, अरुंद जिना. दारातच शिलाई मशीन, भोवती शाळेच्या गणवेशांचा ढीग. एक भिंत अख्खी त्याच्या हातच्या कपाटानं व्यापलेली, छतापर्यंत, इतकं नेमकं बसवलेलं की भिंतीला आणि त्याला फट नाही. तिनं मला ओळखलं. दार लावून घेतलं नाही, या असंही म्हणाली नाही.

मी पाकीट पुढे केलं आणि तू शिकवलंस तशी वळून कपाटाकडे बघत उभी राहिले.

मागे पाकीट उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘शर्ट हा नव्हता घालायचा त्या दिवशी. हा धुवायला काढला होता मी.’ मशीनजवळच्या खिडकीशी ती गेली. मी चोरून बघितलं. तिनं माझ्या बाजूवर तळहात ठेवला होता, मी झाकली जाईन असा, आणि ती फक्त त्याच्याकडे बघत होती. मग हात काढला. मग त्याला झाकलं आणि माझ्याकडे बघितलं. पुन्हा काढला.

‘दात दाखवले ह्यांनी,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला दाखवले.’

मला कळेना हा राग आहे की काय. मग तिनं कपाटाच्या खणातून त्यांचा लग्नानंतरचा फोटो काढून दाखवला. तो ताठ उभा, ओठ घट्ट मिटलेले. ‘दात तुटका म्हणून फोटोत कधी हसले नाहीत. बघा, जणू तोंडात खिळे धरलेत. घरात हसायचे, डोळा असा मिटून. ते मला कुणाला दाखवता आलं नसतं कधी.’ आणि मग, वहिनी, ती वर बघून म्हणाली, ‘त्या पेपरानंतर डोळे मिटले की मला नुसतं पाऊलच दिसायचं. चेहरा आणायला जायची, आणि पाऊलच यायचं.’

मग विचारलं, ‘काय बोलले?’

मी सांगितलं. टेकूचं. तिनं ओठ दाबून धरले, पण खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी हसली की तिला मशीनला धरावं लागलं. हसता हसता रडली. मीही. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बघून गेल्या.

छापायचं का, हे मी विचारलंच नाही. तिनंच काढलं. ‘त्या म्हाताऱ्या फोटोवाल्यानं निरोप पाठवला होता. नको. गावानं ह्यांचं पाऊल बघितलं तेवढं पुरे. हसू घरात राहील.’ मी म्हटलं, बरोबर आहे. मला खरंच बरोबर वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी इस्त्री केलेली साडी नेसून माझ्या दारात. ‘तुमच्या मोठ्या बाईंचं ऑफिस कुठंय?’ मेट्रनबाईंच्या टेबलावर तिनं फोटो ठेवला आणि म्हणाली, ‘हे माझे मिस्टर. शेवटपर्यंत एकटे नव्हते. चौकशीत हे लिहून घ्या.’ मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. किती कडक बाई, तुला माहीत आहे. मला म्हणाल्या, ‘सोमवारपासून ड्यूटीवर ये. केस नीट बांधून.’

तर मी कामावर आहे. शहराला काहीच माहीत नाही. परवा बसमध्ये एक बाई दुसरीला म्हणाली, ‘ती बघ, हसणारी नर्स.’ मी ऐकलं आणि उतरायचा थांबा येईपर्यंत बसून राहिले. पूर्वीसारखं जिव्हारी लागत नाही. त्या बाईनं अर्धा फोटो बघितला आहे, तिचा काय दोष? मी स्वतःच आता कुठलाही फोटो बघितला की आधी कडा बघते. कुणाचा हात बाहेर गेलाय, कोण कुणाकडे बघतंय. वॉर्डातसुद्धा तीच खोड लागली आहे. काल एक आजोबा औषध फेकून देत होते, सगळे म्हणत होते हेकट आहेत. ते ज्या दिशेला बघत होते तिकडे मी बघितलं. समोरच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला रोज कुणीतरी येतं, ह्यांना कुणी नाही. हे तुझ्यामुळे दिसलं.

तिला तुझा पत्ता दिला आहे. का, ते ती सांगेल.

खिदळी


२ एप्रिल

खिदळे,

ती आली होती.

दुपारच्या उन्हात, बसचा एवढा प्रवास करून. काखेत कापडात गुंडाळलेल्या लाकडाच्या चार पट्ट्या. ‘ह्यांनी रंधा मारून ठेवल्या होत्या, कशासाठी ते सांगितलं नाही. चौकटीला होतील?’ तुझा दादा त्या पट्ट्यांवरून हात फिरवत कितीतरी वेळ बसला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘अगं, एक सुताभर चूक नाही गं कुठे.’ आमच्याकडच्या तयार चौकटी त्यानं तिला दाखवल्याही नाहीत. लगेच कोपरे जुळवायला बसला.

मी तिला चहा दिला. तुझ्याबद्दल विचारत होती, खाते का वेळेवर, झोपते का. मी म्हटलं, माहेरच्या माणसांनाही एवढी चौकशी नसते. तर म्हणाली, ‘मला कोण आहे आता चौकशी करायला?’ आणि लगेच विषय बदलून माझ्या पडद्याची शिवण उसवलीय म्हणाली. जायच्या आधी तिनं तो पडदा शिवून दिला.

फोटो केवढा हवा, विचारलं. भिंतीवर लावता येईल एवढा, समोरून येणाऱ्याला दारातून दिसेल असा. माझ्या मनात आलं, तिला काय हवं असणार? नवरा हवा असणार. तू तिला दिलेल्या प्रतीवर मी दोन काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काटकोनात ठेवल्या, फोटो कुठे कापायचा ते गिऱ्हाइकाला दाखवताना ठेवतो तशा. तुळई गेली, पाऊल गेलं, तू गेलीस. त्याचा चेहरा तेवढा मधोमध राहिला, मिटलेला डोळा, तुटका दात. मला स्वतःला फार सुंदर वाटलं. म्हटलं, ‘असा मोठा करते. बाकीचं काही नको.’

तिनं नीट बघितलं. मग एका बोटानं पट्टी बाजूला सारली, तू पूर्ण दिसेपर्यंत.

‘सिस्टरला कापू नका,’ ती म्हणाली. ‘नाहीतर येणारा-जाणारा विचारेल, हे एकटेच कुणाकडे बघून हसतायत?’

मी अख्खा छापला.

वहिनी